शॉवरच्या जाळीतून वास? ब्लीच ठेवा बाजूला

अमेरिकेत छोटा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन फिरणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: शॉवरखालच्या, पाणी वाहून जायच्या जाळीतून वास आला की ब्लीच ओता. वास जातोही, पण श्रेय बहुतेकदा ब्लीचचं नसतं, सोबत ओतलेल्या पाण्याचं असतं! जाळीखालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडं पाणी साचून राहतं. तेच सांडपाण्याच्या टाकीतली हवा अडवतं. रस्त्यातल्या हिसक्यांनी ते हिंदकळून निघून जातं, ट्रेलर बरेच दिवस उभा राहिला की सुकतं. मुक्कामी पोचल्यावर दोन पेले साधं पाणी ओता, बस्स. (महिनाभर उभा राहणार असेल तर वरून चमचाभर खायचं तेल, पाणी सावकाश उडतं.) कॅम्पग्राउंडवर (ट्रेलर मुक्कामाला लावायच्या जागी) टाकीतलं सांडपाणी गटारात सोडणारी झडप सतत उघडी ठेवू नका. तरीही वास आलाच तर छतावरचा व्हेंट, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणारा पाइप, तुंबलाय का बघा.