मॉर्फिनची गोळी घड्याळाप्रमाणे

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू झालं की घरच्यांना पहिली धास्ती वाटते ती सवय लागण्याची. मग गोळी पुढे पुढे ढकलली जाते. अगदीच सहन होईना तेव्हा द्यायची, असं आपसांत ठरतं. काळजीपोटी केलेली ही काटकसर रुग्णाला दुखण्यातही लोटते आणि धोक्यातही.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचं काम सुरू व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. तासाभरात जोर पूर्ण चढतो आणि चारेक तासांत उतरतो. दुखणं शिगेला पोचल्यावर गोळी दिली तर पुढचा अर्धा तास रुग्ण तळमळतच राहतो. घरच्यांना वाटतं गोळी लागू पडली नाही, आणि ते आणखी एक देतात. थोड्या वेळाने दोन्हींचा जोर एकदम चढतो व माणूस गुंगीत जातो. म्हणून दुखत असो वा नसो, गोळी वेळेवर द्यायची: सकाळी 6 आणि 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. रात्री 10चा डोस बहुतेकांना दुप्पट लिहून देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही.

पूर्वी मॉर्फिनसारखी औषधं न घेतलेल्या प्रौढाला डॉक्टर सहसा 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, वृद्ध किंवा फार अशक्त माणसाला 2.5पासून. मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश असतो. समजा चार वेळा 10 आणि रात्री 20, असे दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू आहेत. तर जादा डोस 10चा. तो दिला म्हणून पुढचा नेहमीचा डोस चुकवायचा नाही. मात्र प्रत्येक जादा गोळी वेळेसह वहीत लिहायची. दिवसाला तीन जादा गोळ्या लागत असतील, तर एकूण 90 झाले. मग डॉक्टर दर वेळचा डोस 15 करण्याचा विचार करतात. त्या वहीशिवाय डोस वाढवणं हा निव्वळ अंदाज ठरतो.

सुरुवातीची मळमळ आणि पेंग काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही, कारण मॉर्फिन आतड्यांची हालचालच मंदावतं. आपल्याकडे अशा वेळी हात हमखास इसबगोलाकडे जातो, आणि इथे तोच नडतो. इसबगोल पाणी शोषून फुगतो. पाणी जेमतेम पिणाऱ्या रुग्णाच्या सुस्त आतड्यात तो गोळा होऊन अडकू शकतो. आतड्याला हालवणारं बिसाकोडिल किंवा सेनासारखं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत हवं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आपणहून विचारा.

मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे यकृतात तयार झालेले घटक शरीराबाहेर पडत नाहीत, साचत जातात. नेहमीचाच डोस मग चार-पाच दिवसांनी भारी पडू लागतो. अंगाला अधूनमधून झटके येणं, भास होणं, दिवसाही डोळा न उघडणं या खुणा दिसल्या की लगेच डॉक्टरांना कळवा. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं तरीही हे घडू शकतं. रेडिएशनने दुखणं उतरलं की कालपर्यंत योग्य असलेली मात्राही जड होते. ती टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यावी, एकदम बंद केल्यास घाम, जुलाब, बेचैनी सुरू होते. शरीर औषधाला सरावल्याची ही लक्षणं आहेत, व्यसनाची नव्हेत. घरात कुणाला दारूचं किंवा इतर व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगून गोळ्या कुलपात ठेवा.

झोपेची गोळी आणि दारू मॉर्फिनसोबत श्वास मंदावतात. शंका आली तर झोपलेल्या माणसाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. 8पेक्षा कमी भरला, हलवूनही जाग येत नसेल आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढचा डोस न देता 108ला फोन करा. मॉर्फिनवरचा उतारा असलेल्या नालोक्झोनच्या इंजेक्शनने माणूस शुद्धीवर येतो, पण त्याचा परिणाम तास-दीड तासात विरतो आणि मॉर्फिन शरीरात असतंच. मॉर्फिन हळूहळू सोडणारी 12 तासांची गोळी घेतलेल्याला म्हणूनच लगेच घरी सोडत नाहीत. ही 12 तासांची गोळी कुटून किंवा चावून घेतली तर सगळं औषध एकदम सुटतं.

कंबर-गुडघ्यांच्या जुनाट दुखण्याला मात्र मॉर्फिनसारखी औषधं रोज घेण्यात अर्थ नाही. 2018मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत अशा रुग्णांना ती साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

मॉर्फिनच्याच जातीच्या फेंटानिल या औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच 72 तास चालतो, पण लावल्यावर पूर्ण असर यायला 12 ते 24 तास लागतात. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर आत शिरतं. काढलेल्या पॅचमध्येही लहान मुलाला घातक ठरेल इतकं औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडा आणि उरलेल्या गोळ्यांसह, जिथून औषध मिळालं त्या केंद्रात परत द्या.