नाईव्ह, नेटिव्ह आणि मुग्ध
बेळगावात दोन अनोळखी माणसांची गाठ पडली की तिसऱ्याच वाक्याला प्रश्न येतो, ‘‘तुमचं नेटिव्ह कुठलं?’’ आणि उत्तरात खानापूर किंवा निपाणी ऐकू येते. या रुळलेल्या ‘नेटिव्ह’चा सख्खा भाऊ ‘नाईव्ह’ मात्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकातूनच भेटतो आणि बहुधा ‘भोळा’ एवढ्यावर उरकला जातो.

दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘नातीवुस’, म्हणजे जन्मजात, या शब्दापासून आले. फ्रेंचमध्ये त्याचे ‘नाईफ’ झाले आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘नाईव्ह’ इंग्रजीने सतराव्या शतकाच्या मध्यास उचलून स्त्री-पुरुष दोघांनाही लावले. तेव्हा त्यात दोष नव्हता. जन्मला तसाच राहिलेला, बनावटीचा लेप न चढलेला, असा तो अर्थ होता आणि आपला ‘सहज’, म्हणजे सोबत जन्मलेला, हा शब्द त्याच्या फार जवळचा आहे. जर्मन कवी शिलर याने १७९५-९६ मध्ये निसर्गाशी एकरूप असलेल्या प्राचीन कवींसाठी हा शब्द गौरवाने वापरला. पुढे मात्र ‘अकृत्रिम’वरून ‘जग न पाहिलेला’ आणि तेथून ‘कोणीही फसवावा असा’ येथवर अर्थ घसरला. प्रतिकारशास्त्रात, जो जंतू ओळखण्यासाठी ती घडली आहे त्याच्याशी अजून गाठ न पडलेल्या टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीला, नाईव्ह म्हणतात, तेथे तेवढा ठपका नाही.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. मराठी माध्यमाच्या एका मुलीने इंग्रजी-कन्नड कोशात ‘नाईव्ह’चा ‘मुग्ध’ हा अर्थ पाहून माझ्यासमोर वहीत लिहिले : ‘राजूने मुग्ध होऊन सगळे पैसे दिले.’ कन्नडच्या दृष्टीने ती चुकली नव्हती, कारण तेथे ‘मुग्ध मक्कळु’ म्हणजे निरागस मुले. आजच्या मराठीत मात्र मुग्ध म्हणजे मोहून गेलेला. संस्कृतात ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ ही एकाच ‘मुह्’ धातूची रूपे आहेत, त्यामुळे निरागसपणा आणि मूर्खपणा यांचा शेजार तेथेही जुनाच, आणि काव्यशास्त्रातील ‘मुग्धा’ नायिकेने त्यातली अननुभवाची छटा जपली आहे.

‘भोळा’ मला येथे अपुरा वाटतो, कारण कपिलेश्वरासमोर हात जोडून ‘भोळा सांब’ म्हणणाऱ्याच्या मनात ठपका नसतो. मुलासाठी निरागस, कामावर नुकत्याच लागलेल्यासाठी नवखा आणि डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यासाठी भाबडा, असे प्रसंग पाहूनच निवडावे लागते. त्या मुलीने शेवटी ‘मुग्ध होऊन’ खोडले आणि ‘भाबडेपणाने’ लिहिले.