पुडिंगातलं नाणं, केकमधला राजा

जेवताना दाताखाली काही कडक आलं की आपण आधी खडा समजतो. इंग्लंडमध्ये नाताळचं पुडिंग खाताना असं झालं तर टेबलाभोवती जल्लोष होतो, कारण तो खडा म्हणजे चांदीचं नाणं असतं आणि ते ज्याला मिळालं त्याला पुढचं वर्ष भरभराटीचं जाणार. पण हा खेळ पैशांपासून सुरू झालेला नाही. आधी केकमध्ये असायचा एक साधा दाणा, आणि तो ज्याला सापडेल तो व्हायचा राजा.

रोमन लोक डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणात चिठ्ठी टाकून खेळापुरता राजा निवडत. युरोपात पुढे ही मौज ६ जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाला चिकटली. (गोव्यात रेइश मागुशला हा सण आजही होतो, मुलं राजे बनून मिरवतात.) केकमध्ये बाकल्याचा वाळका दाणा घालायचा, ज्याच्या तुकड्यात निघेल तो त्या रात्रीचा राजा. इंग्लंडमध्ये राणीसाठी वेगळा वाटाणा असे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने ६ जानेवारी १६६९ ला मात्र केक खराब होऊ नये म्हणून नवीन पद्धतीने टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. स्वतः पेपिसच्या नशिबी आलं राणीपद!

राजा म्हटला की राजकारण आलंच. फ्रेंच क्रांतीच्या काळात 'राजांचा केक' हे नाव खटकू लागलं आणि त्याचा 'समतेचा केक' झाला. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेल्यावर तिथल्या 'राजा केक'वरही नाव बदलायची पाळी आली. फ्रान्सच्या अध्यक्षांच्या एलिसे राजवाड्यात दर जानेवारीला येणाऱ्या भल्यामोठ्या केकमध्ये तर दाणाच घालत नाहीत. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाने राजा कसं व्हायचं?

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ६ जानेवारीची धमाल ओसरली, सगळा थाट नाताळच्या दिवसाकडे सरकला आणि लपवलेली वस्तूही केकमधून पुडिंगात गेली. राजेपद मागे राहिलं, नशीब तेवढं उरलं. नाण्याबरोबर अंगठी, बटण, अंगुस्तानही घालत. अंगठी म्हणजे लग्न, बटण म्हणजे गडी ब्रह्मचारी, अंगुस्तान म्हणजे बाई बिनलग्नाची. सणाच्या ताटात हे कसलं शुभ, देव जाणे.

नाणं चांदीचंच का, तर पुडिंग तासन् तास शिजतं आणि त्यात तांब्या-पितळेची चव उतरते. आधी तीन पेन्सचं इवलंसं नाणं चाले. १९३७ मध्ये त्या किमतीचं बारा कोनांचं जाडजूड पितळी नाणं आलं, आणि चांदीचं हळूहळू मिळेनासं झाल्यावर मान सहा पेन्सकडे गेला. १९४७ पासून त्यातही चांदी उरली नाही, आणि १९८० मध्ये ते नाणं चलनातूनच गेलं.

ऑस्ट्रेलियात १४ फेब्रुवारी १९६६ ला दशमान नाणी आली. पुडिंगात घालायला ती नकोशी वाटली, म्हणून कित्येक घरांतल्या आज्यांनी जुनी चांदीची नाणी डब्यात जपून ठेवली. जेवण झालं की नातवंडांनी ती चाटूनपुसून परत करायची आणि बदल्यात चालू नाणं घ्यायचं. जुनी धुऊन पुन्हा डब्यात, पुढच्या डिसेंबरपर्यंत.