पंधराची स्टेपनी चौदाच्या स्टेपनीपेक्षा लहान कशी?

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा जुन्या सामानाच्या बाजारातून एक बारीक चाक घेऊन माझ्याकडे आला. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना कणकुंबीजवळ दगडाला घासून त्याचा टायर साईडने फाटला होता, आणि गाडीत स्टेपनीच नव्हती. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे मोटारीला स्टेपनी नसली तरी चालते. पण किटमधला द्रव खिळ्याचं भोक बुजवतो, साईडने फाटलेला टायर सांधत नाही.

"काका, माझं चाक सोळाचं हाय. हे पंधराचं मिळालं. चौदाचं पण होतं, पण ते लईच लहान की. नट जुळत्यात, चालतंय न्हवं?"

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं गिअर कापले. त्यामुळे "चालतंय न्हवं" ऐकून मला गप्प बसवत नाही. मी त्याला अंगणात बसवलं आणि कागद-पेन आणलं.

त्याच्या टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलं आहे. १९५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे साईडची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ हा फक्त डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचात. डिस्कच्या वर एक आणि खाली एक अशा दोन साईडी मिळवल्या की पूर्ण चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटर येतो. दुकानात सोडून आलेलं चौदाचं चाक १६५/८० आर १४ होतं. त्याचा व्यास ६२० भरतो, फरक जेमतेम एका मिलिमीटरचा! आणि आणलेलं पंधराचं, टी १२५/७० आर १५, भरतं ५५६. तब्बल ६५ मिलिमीटर कमी. डिस्कचा आकडा बघून चाक निवडणारा माणूस इथेच फसतो. सुरुवातीचा 'टी' म्हणजे टेम्पररी, तात्पुरतं.

तसा 'स्टेपनी' हा शब्दही लांबून आलेला आहे. वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला काढलं. त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि आपल्या पंक्चरवाल्यापर्यंत पोचलं.

आता ६५ मिलिमीटरने काय बिघडतं ते बघू. ६२१चं चाक एका किलोमीटरला सुमारे ५१३ फेरे घेतं, ५५६चं ५७३. म्हणजे किलोमीटरमागे ६० फेरे जास्त. ही दोन चाकं एकाच इंजिनाने फिरवायची असतील तर मध्ये डिफरन्शिअल लागतो, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच. माझ्या मते गाडीतला सगळ्यात देखणा भाग हाच.

दोन तळहातांमध्ये एक पेन्सिल आडवी धरा. दोन्ही हात एकदम पुढे न्या: पेन्सिल पुढे जाते, पण स्वतःभोवती फिरत नाही. आता एक हात थोडा जास्त पुढे न्या: पेन्सिल पुढेही जाते आणि गरगरतेही. तळहात म्हणजे दोन चाकांना जोडलेले साईड गिअर, पेन्सिल म्हणजे त्यांच्यामधला छोटा पिनियन, आणि तिला पुढे ढकलणारा असतो क्राऊन व्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जोराने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला, जोडलेला पिंजरा. पिंजऱ्याचा वेग म्हणजे नेहमी दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी, इथे ५१३ आणि ५७३ची ५४३. एक साईड गिअर पिंजऱ्याच्या ३० फेरे मागे, दुसरा ३० पुढे. सरळ रस्त्यावर, सारख्या चाकांवर, पिनियन जवळजवळ स्वस्थ असतो. वळणावर थोडा फिरतो आणि पुन्हा थांबतो. तो थोडं फिरण्यासाठीच केलेला आहे. बऱ्याच गाड्यांत तो एका साध्या पिनेवर बसतो, त्याला बेअरिंगही नसतं, तेलाच्या शिंतोड्यावरच भागतं.

काटकोनी वळण घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण सव्वा फेरा जास्त घेतं. त्या हिशोबाने ६० फेरे म्हणजे दर किलोमीटरला जवळजवळ ५० काटकोनी वळणं, तीही सगळी एकाच बाजूची. चोर्ला घाटातसुद्धा डाव्यानंतर उजवं येतं आणि अधूनमधून रस्ता सरळ होतो. इथे सरळ हायवेवरही उसंत नाही. असं चाक पुढे लावून बेळगावहून निपाणी गाठली, तर साडेचार हजारांच्या आसपास जादा फेरे होतात. ती पीन तापते, झिजते.

त्याची गाडी पुढच्या चाकांवर चालते, तशाच आपल्या बहुतेक लहान गाड्या. मागची दोन चाकं एकमेकांना बांधलेली नसतात. म्हणून लहान स्टेपनी मागेच लावावी. पुढच्या चाकाची हवा गेली तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे. भर पावसात दोनदा जॅक लावायला जिवावर येतं, तरी लावावा.

टी चाकाची दुसरी अट हवेची. एका चाकावर ३०० किलो भार धरला, तर ३३ पौंड हवेला रस्त्यावर टेकणारा भाग ढोबळ मानाने १३० चौरस सेंटीमीटर होतो. टी चाकात ६० पौंड हवा लागते, तिथे तो ७० वर येतो. त्यात नक्षीही उथळ. ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते, म्हणून त्यावर ८०ची मर्यादा छापलेली असते. सवयीने कुणी ३३च भरली तर अरुंद टायर दबतो, तापतो आणि फाटतो.

खंडेनवमीला आपण चारही चाकांखाली लिंबं ठेवतो. लिंबाने टायर वाचत नाही. त्याच दिवशी डिकीतल्या पाचव्या चाकाची हवा मोजली तर घाटात उपयोग होईल. नायट्रोजनच्या जाहिरातीलाही भुलू नये: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

व्यास जुळला तरी नटांचं वर्तुळ, मधलं भोक, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) गाडीच्या पुस्तकाशी पडताळावा. बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. चौदाच्या डिस्कमध्ये मात्र वेगळीच शंका असते, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, आत मावतो का?

दुसऱ्या दिवशी तो पंधराचं परत करून चौदाचं घेऊन आला. मागे-पुढे दोन्हीकडे लावून, गाडी जॅकवर असतानाच हाताने फिरवून बघितलं. कॅलिपर आणि चाकाची डिस्क यांमध्ये माझं बोट सरकेल एवढी फट होती, आणि चाक कुठेही न घासता फिरत राहिलं.