संघ-राज्य प्रादेशिक विकास आयोगांचा प्रशासकीय खर्च

प्रादेशिक विकासासाठी केंद्रातील सरकार आणि राज्ये एकत्र येऊन जी संयुक्त संस्था उभारतात, तिची कचेरी, कर्मचाऱ्यांचे वेतन, प्रवास, हिशेबतपासणी आणि बैठका यांवर होणाऱ्या खर्चाची विभागणी हा या नोंदीचा विषय आहे. मराठी सरकारी व्यवहारात यालाच साधारणपणे आस्थापना खर्च म्हणतात. रस्ते, पाणीपुरवठा किंवा कौशल्य-प्रशिक्षण यांसाठीच्या प्रकल्प-अनुदानांपेक्षा हा खर्च अगदी लहान असतो, परंतु संस्था कोणाची, हे पुष्कळदा त्यावरूनच ठरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲपलेशियन प्रादेशिक आयोग हे या व्यवस्थेचे सर्वांत जुने चालू उदाहरण आहे.

ॲपलेशियन पर्वतराजीतील दारिद्र्याचा विचार करण्यासाठी अध्यक्ष केनेडी यांनी 1963 मध्ये एक समिती नेमली. तिच्या शिफारशींच्या आधारे झालेल्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी 9 मार्च 1965 रोजी स्वाक्षरी केली आणि आयोग अस्तित्वात आला. न्यूयॉर्कच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या ईशान्य भागापर्यंत पसरलेल्या त्याच्या क्षेत्रात 13 राज्ये येतात. त्यांपैकी वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य पूर्णपणे या क्षेत्रात आहे. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आणि सिनेटने (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) मान्य केलेला संघीय सहअध्यक्ष आणि 13 राज्यांचे गव्हर्नर मिळून आयोग बनतो. गव्हर्नर आपल्यातूनच राज्यांचा सहअध्यक्ष निवडतात. संघीय सहअध्यक्षाची संमती आणि राज्य-सदस्यांचे बहुमत या दोन्हींशिवाय आयोगाचा निर्णय होत नाही.

खर्चाची विभागणीही याच तत्त्वावर बेतलेली आहे. मूळ कायद्यानुसार आरंभीच्या काळात, म्हणजे 30 जून 1967 पर्यंत, आयोगाचा सर्व प्रशासकीय खर्च संघ सरकारने उचलायचा होता आणि त्यानंतर निम्मा भार संघावर व निम्मा राज्यांवर पडायचा होता. नव्या संस्थेचे बस्तान बसेपर्यंत राज्यांच्या विधिमंडळांना आपापल्या अर्थसंकल्पात तरतूद करण्यास अवधी मिळावा, एवढी सवलत त्यात होती. पुढची निम्मी-निम्मी वाटणी आजतागायत टिकून आहे.

या वाटणीच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्यालय मात्र संयुक्त हिशेबाबाहेर ठेवलेले आहे. संघीय सहअध्यक्ष, त्याचा पर्यायी अधिकारी आणि त्यांचे कर्मचारी यांचा खर्च फक्त संघ सरकार करते. तर राज्यांच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये काम पाहणाऱ्या प्रतिनिधीच्या कार्यालयाचा खर्च राज्ये स्वतः भागवतात. उरते ते कार्यकारी संचालकाच्या हाताखालील आयोगाचे कर्मचारीमंडळ, आणि संयुक्त पैसा खर्च होतो तो त्याच्यावर. प्रकल्पांची छाननी करणाऱ्या या कर्मचाऱ्यांना कायदा संघ सरकारचे नोकर मानत नाही. त्यांचे वेतन दोन्ही बाजूंच्या पैशांतून निघत असल्यामुळे ते कोणा एका बाजूचे ठरत नाहीत, आणि या व्यवस्थेचे खरे मोल प्रस्तुत लेखकाच्या मते यातच आहे.

राज्यांच्या निम्म्या भागापैकी कोणत्या राज्याने किती भरायचे, हे आयोग ठरवतो, पण त्या निर्णयात संघीय सहअध्यक्षाला ना भाग घेता येतो ना मत देता येते. राज्यांनी आपसातली वर्गणी आपसातच ठरवावी, असा हा सरळ न्याय आहे. थकबाकीबाबतचा नियम मात्र कडक आहे. ज्या राज्याचा प्रशासकीय हिस्सा थकला असेल, त्या राज्याला, तेथील स्थानिक संस्थांना किंवा रहिवाशांना या कायद्याखालील साहाय्य मिळत नाही, तसेच त्या राज्याच्या सदस्याला आयोगाच्या निर्णयात मतदान करता येत नाही. लहानशी वर्गणी चुकवल्याने मोठी अनुदाने अडत असल्यामुळे ती भरण्यातच राज्याचे हित असते.

याच्या खालचा थर स्थानिक विकास जिल्ह्यांचा आहे. अनेक काउंट्या (राज्यांतील आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) मिळून बनलेल्या या संस्था गावोगावचे प्रस्ताव तयार करतात. त्यांच्या प्रशासकीय खर्चासाठी आयोग अनुदान देऊ शकतो, परंतु ते त्या खर्चाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. आर्थिकदृष्ट्या संकटग्रस्त ठरवलेली काउंटी संस्थेच्या कार्यक्षेत्रात असेल, तर आयोगाच्या विवेकानुसार ही मर्यादा 75 टक्क्यांपर्यंत जाते. एखादे राज्य-खातेच अशा जिल्ह्याचे काम करत असेल, तर त्याला हे अनुदान तीन वर्षांपेक्षा अधिक काळ देता येत नाही. स्थानिक वाटा रोखीनेच भरला पाहिजे असे नाही. काउंटीने आपल्या इमारतीतील दोन खोल्या, टेबल-खुर्च्या आणि आपल्या लेखापालाचे आठवड्यातील काही तास दिले, तर त्यांचे वाजवी मूल्य लावून ते वाट्यात धरले जाते. कोळशाच्या खाणी बंद पडून करउत्पन्न आटलेल्या काउंटीला रोख रक्कम काढणे जड जाते, पण रिकामी खोली देणे जमते. म्हणून ही तरतूद तिच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

पुढच्या काळातील बहुतेक संस्थांनी हाच नमुना घेतला. 2000 मध्ये मिसिसिपी खोऱ्याच्या खालच्या भागातील आठ राज्यांसाठी डेल्टा प्रादेशिक प्राधिकरण स्थापन झाले. 2008 च्या कृषी कायद्याने उत्तर सीमा, आग्नेय अर्धचंद्र आणि नैर्ऋत्य सीमा असे तीन आयोग निर्माण केले आणि त्यांच्यासाठीही निम्म्या-निम्म्या खर्चाचा नियम घातला. अलास्कासाठी 1998 मध्ये स्थापन झालेला डेनाली आयोग यापेक्षा वेगळा आहे. त्यात राज्य एकच असल्याने अनेक राज्यांमधील वर्गणीचा प्रश्न उद्भवत नाही. त्याऐवजी प्रशासकीय खर्चावर मिळालेल्या निधीच्या 5 टक्क्यांची मर्यादा कायद्यानेच घातली होती. विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात ती पाळणे अवघड असल्याने विनियोजन कायद्यांत, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्यांत, ती बाजूला ठेवण्याची तरतूद वारंवार करण्यात आली आहे.

केवळ पैशाची तरतूद असून भागत नाही, हे आग्नेय अर्धचंद्र आयोगाच्या उदाहरणावरून दिसते. 2010 या वित्तीय वर्षापासून अनेक वर्षे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच्यासाठी दरवर्षी 2,50,000 डॉलर मंजूर केले, परंतु संघीय सहअध्यक्ष नेमला गेला नव्हता. सहअध्यक्षाशिवाय आयोगाची रचनाच पूर्ण होत नसल्याने राज्यांबरोबरची भागीदारी कागदावरच राहिली. सिनेटने डिसेंबर 2021 मध्ये पहिल्या सहअध्यक्षाला मान्यता दिली, आणि त्यानंतरच या आयोगाचे काम सुरू होऊ शकले.