मांजरीचे केस गळतात? ट्यूब मागण्याआधी हे वाचा

"मांजरीला चाई पडली, एखादी ट्यूब द्या ना," असं ग्राहक दुकानात येऊन म्हणतात. आम्ही ट्यूब देत नाही. राग मानू नका. केस जाण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एका कारणावरचं औषध दुसऱ्यात त्रास वाढवतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर घरभर केस दिसले, पण कातडी कुठे उघडी पडली नाही, तर रोज विंचरणं पुरे. डोळा आणि कान यांच्या मधली जागा तर मुळातच विरळ असते.

कातडी उघडी पडली असेल तर आधी जागा पाहा. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांवर केस गेले असतील तर पहिला संशय पिसवांचा. "आमच्याकडे पिसवा नाहीत" हे आम्ही फार ऐकतो. मांजर चाटताना पिसवा गिळून टाकते, म्हणून त्या दिसत नाहीत. बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टेकवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरीला मोजके चावेसुद्धा पुरतात. अंडी आणि अळ्या मात्र गादीत, दिवाणाखाली, फरशीच्या फटींत असतात. म्हणून घरातल्या सगळ्याच प्राण्यांना औषध हवं, अंथरूण गरम पाण्यात धुवायला हवं.

तोंडावर, कानावर, पंजावर गोल चट्टा आणि कोंडा असेल तर तो नायटा असू शकतो. तो माणसांनाही होतो, लहान मुलांना लवकर. मेडिकलमधल्या स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबने लाली उतरते आणि बुरशी आतून वाढत राहते. खात्रीसाठी केसांची तपासणी लागते. उपचार बरेच आठवडे चालतात, मधेच सोडू नका.

पोट गुळगुळीत झालंय? तिथले केस बहुधा गळलेले नसतात, खरखरीत जिभेने चाटून तुटलेले असतात. खाज, घर बदलणं, घरात आलेली नवी मांजर, लघवीच्या पिशवीतली वेदना, काहीही असू शकतं. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि होत नाहीये, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा.

पांढऱ्या मांजरींना नागपूरचं ऊन बाधतं. कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी जखम दिसली तर थांबू नका, तो कर्करोगही असू शकतो.

आता सगळ्यात कळकळीचं. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याने मांजर थरथरते, झटके येतात, जीवही जातो. चुकून लागलंच तर लगेच दवाखान्यात न्या. रॉकेल, फिनेल, टी ट्री तेल, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक, यातलंही काही नको. अंगावर लावलेलं ती चाटणार, आणि यातली बरीच रसायनं तिच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

डॉक्टरांकडे नेण्याआधी आंघोळ घालू नका, तेल-हळद लावू नका, खुणा निघून जातात. चट्ट्याचा पहिल्या दिवसाचा फोटो आणि खाण्याच्या पाकिटाचा फोटो सोबत ठेवा. घरात कुणाला खाज आहे का, तेही सांगा. नेहमीचे डॉक्टर नसतील तर नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. टोपली नसेल तर आमच्याकडून घेऊन जा, परत आणून दिली की झालं.