वायफायवरचा तुटणारा आवाज आणि वेगाचा गैरसमज

वायफायवरून बोलताना आवाज तुटू लागला की जास्त वेगाचा इंटरनेट प्लॅन घ्यावा, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो बहुधा चुकतो. आवाजाचे डिजिटल रूपांतर करणाऱ्या जी.७११ या जुन्या पद्धतीतही मूळ आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिटच लागतात. अडचण असते ती रांगेची. दर २० मिलिसेकंदांनी निघणारे, आवाजाचे १६० बाइट नेणारे पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा), शेजारच्या लॅपटॉपवरून मोठी फाइल अपलोड होत असताना, मोकळ्या क्षणाची वाट पाहत अडकते आणि उशिरा पोहोचल्यामुळे टाकून दिले जाते.

यासाठीच २००५ साली मंजूर झालेल्या ८०२.११ई या वायफायच्या मानकाने आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग केले. माध्यम, म्हणजे सर्वांची सामायिक रेडिओ वाहिनी, मोकळे झाल्यावर प्रत्येक यंत्र यादृच्छिकपणे निवडलेला आकडा शून्यापर्यंत उलटा मोजत थांबते. सर्वसाधारण पॅकेटसाठी तो सुरुवातीला ० ते १५ मधला असतो, आवाजासाठी मात्र ० ते ३ मधलाच. ही राखीव जागा नव्हे, फक्त संधी वाढते. शिवाय ॲपने पॅकेटवर प्राधान्याची खूणच केली नसेल (हे सर्रास घडते), तर राउटरमध्ये डब्ल्यूएमएम (हेच चार वर्ग वापरणारी वायफायची सोय) चालू असूनही ते पॅकेट सर्वसाधारण रांगेतच उभे राहते.